जुनी जीप घ्यायची? आधी तिचे पुस्तक वाचा

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमधून एक चौकशी हमखास सुरू होते. जयंतीच्या मिरवणुकीला उघडी जीप कुठे मिळेल? भाडे किती घेतात? त्याच्या पाठोपाठ दुसरी चौकशी येते. दर वर्षी भाडे भरण्यापेक्षा एखादी जुनी जीपच विकत घेतली तर? लग्नसराईत वरातीला देता येईल, पोराच्या हाताला काम लागेल, घरात चार पैसे येतील. उमरगा, तुळजापूर, कळंब, परंडा, सगळीकडून आमच्याकडे ही विचारणा होते. विचारणारे समाजबांधव श्रीमंत नाहीत. कुणी नगरपरिषदेत झाडूकाम करून निवृत्त झालेला, कुणी मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेणारा, कुणी बांधकामावर सेंट्रिंग करणारा. पैसा येतो तो फंडातून, बचत गटाच्या कर्जातून, नाहीतर घरातल्या बाईच्या गळ्यातल्या सोन्यातून. म्हणून या विषयावर सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटले.

विकणारा दोन शब्द हटकून वापरतो. एक 'विंटेज' आणि दुसरा 'मॉडिफाय केलेली'. दोन्ही शब्दांनी किंमत वाढते असा त्याचा दावा असतो. आमचे म्हणणे असे की हे दोन शब्द एका गाडीवर एकत्र नांदूच शकत नाहीत. गाडीत जेवढा फेरफार, तेवढी तिची किंमत कमी. आणि तो फेरफार आर. सी. बुकात नोंदलेला नसेल तर ती किंमत पार तळाला जाते. हे का, ते पुढे सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या माणसाला उघड्या जीपची जी ओढ वाटते, तिला निव्वळ हौस म्हणून मोडीत काढणे आम्हाला मान्य नाही.

बसण्याचा हक्क

सन १९०१ मध्ये दहा वर्षांचे भीमराव आपले भाऊ आणि भाचे यांच्यासह नोकरीच्या गावी असलेल्या वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. ही महाराची मुले आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, अशा बोलीवर बैलगाडी मिळाली. आपण ज्या जिल्ह्यात राहतो तो तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. आत सिंहासनासारखी बैठक आहे आणि गाडी फारशी चाललेलीच नाही. तिकडे न चालणारी मोटार, आणि इकडे आमच्या आज्या-पणज्या उन्हातान्हात पायी. याच पार्श्वभूमीवर २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली. बाबासाहेब आले तेव्हा त्यांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीचा अभिमान आजही गावात सांगितला जातो. वाहनात ताठ मानेने बसणे ही आपल्याकडे लढून मिळवलेली गोष्ट आहे.

परंतु याच विषयावर बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली दुसरीही हकीकत आहे, आणि ती मिरवणुकीत कुणी सांगत नाही. सन १९२९. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या बांधवांनी त्यांना आग्रहाने ठेवून घेतले. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला कुणी टांगेवाला तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले. मग टांगा भाड्याने घेतला आणि टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. पुलावर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. आपला मान राखण्याच्या नादात आपल्याच माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, असे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत नमूद केले आहे. रागावून नव्हे, समजून घेऊन लिहिले आहे. पण लिहिले आहे.

वेल्डिंगने जोडलेल्या चासीवर दहा पोरे आणि भोंगे चढवून निघालेली जीप पाहिली की आम्हाला चाळीसगावचा तो टांगा आठवतो.

'विंटेज' कुणाला म्हणायचे?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक वय झालेली दुचाकी किंवा चारचाकी, आणि तीही मूळ स्वरूपात असलेली, हीच विंटेज. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी यात बसत नाही. अशा गाडीला 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठेवली गेली आणि नोंदणी दहा वर्षे चालते. पण पुढची अट वाचा. ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तेल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच आणायची. धंद्यासाठी तर मुळीच नाही.

म्हणजे जीप खरोखर विंटेज असेल तर तिच्यावर कमाई करता येणार नाही. आणि कमाई करायची असेल तर विंटेज या शब्दाचे पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. मुंबईच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यात धनिक मंडळी लाखो रुपये मोजतात ते गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी राहिली म्हणून. मूळ दिवा, मूळ स्टिअरिंग, मूळ इंजिनाचा नंबर, याला तिथे भाव. आपल्याकडचा विक्रेता नेमके उलटे सांगतो. मूळ काही ठेवले नाही म्हणून जास्त द्या, म्हणतो.

फेरफाराचा कायदाही सोपा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. रंग बदलणे किंवा किरकोळ साहित्य बसवणे वेगळे. इंजिन बदलायचे असेल तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि पुस्तकात नोंद हवी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवा.

महामार्गावरची जीप

सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत उमरगा तालुक्यातील एका गॅरेजात उभी असलेली जीप पाहायला एका कुटुंबाने आम्हाला सोबत बोलावले. वडील सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेले, फंडाचे पाच लाख बँकेत. मुलगा ड्रायव्हर. मुलगी बारावीला. एस. टी. च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आपल्यातलेच एक मेकॅनिक काकाही बरोबर होते. जयभीम झाला, चहा झाला, आणि मग जीपवरचे ताडपत्रीचे झाकण निघाले.

दिसायला जीप देखणीच होती. गडद हिरवा रंग, रुंद टायर, पुढे नळीचे गार्ड, वर दिव्यांची ओळ. किंमत सव्वाचार लाख. मालक सांगू लागला, "पोलीस ॲक्शनच्या टायमाला नळदुर्गावर आलेली जीप आहे ही. मिलिटरीची. असा पीस मिळणार नाही, दादा."

नळदुर्गाचा उल्लेख ऐकून मुलाचे डोळे चमकले. आणि का चमकू नयेत? १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरहून आत शिरल्या त्या नळदुर्गावरूनच. पण मेकॅनिक काकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि विचारले, "हे एवढं उंच कसं?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपचे बॉनेट बसके असते, पुढच्या जाळीला नऊ फटी असतात आणि स्टिअरिंग डावीकडे. उंच बॉनेटची 'सीजे-३बी' ही जीप अमेरिकेत निघाली तीच १९५३ साली, तिच्या जाळीला सात फटी. पुढे महिंद्र कंपनीने आपल्याकडे ती उजव्या स्टिअरिंगची करून वर्षानुवर्षे बनवली. म्हणजे ही जीप १९४८ च्या सप्टेंबरात नळदुर्गावर असणे शक्यच नाही. जन्माच्या आधी कुणी लढाईला जात नाही.

तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना हेच सांगितले होते ना? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मान्य करू नका. आपण कालाम सुत्त विहारात ऐकतो आणि गॅरेजात विसरतो.

याच्या उलटही होते, तेही सांगून ठेवतो. हरियाणातील डबवालीच्या बाजूला नव्या पत्र्याच्या बसक्या बॉनेटच्या बॉड्या बनतात आणि महिंद्रच्या जुन्या चासीवर चढवून ती जीप 'महायुद्धातली' म्हणून देशभर विकली जाते. तेव्हा बसके बॉनेट दिसले म्हणूनही भुलू नये. बॉडी खोटे बोलते. चासीचा नंबर सहसा बोलत नाही.

काकांनी टेप काढली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर ८० इंच भरले. सीजे-३बी चे माप तेवढेच. ही एक बाजू खरी निघाली. (मोठ्या अंतराच्या जीपाही कंपनीने काढल्या आहेत, पण मग पुस्तकात माप तसेच हवे.) मात्र मागचा हौदा फूटभर जास्त लांब होता. काका खाली आडवे झाले. मागच्या चाकांच्या पुढे-मागे चासीच्या दोन्ही पट्ट्यांना जोड, वर काळा रंग. जास्त माणसे बसावीत म्हणून केलेला उद्योग. चढावर, खड्ड्यात सगळा भार त्या जोडावर येणार.

मग चुंबक. जुन्या स्पीकरातले चुंबक प्रत्येक घरात पडलेले असते. ते फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचे. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. या जीपच्या दोन्ही पायदानांजवळ आणि मागच्या फळीवर चुंबक सरळ खाली पडले. चकाकणाऱ्या हिरव्या रंगाखाली गंजाची भोके बुजवलेली होती. थोडे विषयांतर होईल, पण आपल्याच जिल्ह्यात तेरचे त्रिविक्रम मंदिर ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच पटेल. त्या विटांच्या इमारतीचा मागचा गोलाकार भाग आणि गजपृष्ठाकार छप्पर पाहून हेन्री कझिन्स या इंग्रज अमदानीतील अभ्यासकाने ओळखले की हे मूळचे बौद्ध चैत्यगृह आहे, पुढचा मंडप आणि देव नंतरचे. वरच्या लेपाखालचा सांगाडा ओळखणारी नजर असली म्हणजे झाले. गाडीलाही तीच लागते.

पुस्तकातले पेट्रोल

खरी परीक्षा त्यानंतर झाली. मालकाने पुस्तक आणले. जुन्या तीन अक्षरी नंबरचे, कागदी, घड्यांवर फाटलेले. मुलगीच इंग्रजी वाचून दाखवत होती. निर्मितीचे वर्ष १९७८. इंधन पेट्रोल. चार सिलिंडर, २१९९ सीसी. ती थांबली. म्हणाली, "काका, पुस्तकात पेट्रोल लिहिलंय. मग टाकीवर डिझेल का लिहिलंय?"

मालक हसला. "अगं ताई, डिझेल इंजिन बसवलंय म्हणून तर गाडी परवडतीय. पंच्याहत्तर हजार घातलेत त्याला."

काकांनी इंजिनाचा नंबर चिमटीतल्या कागदावर पेन्सिल घासून उतरवला. पुस्तकातला वेगळा, इंजिनावरचा वेगळा. इंजिन कुठून आणले त्याचे बिल नव्हते. परिवहन कार्यालयाची नोंद नव्हती. ज्या इंजिनाचे बिल नाही ते चोरीच्या गाडीचे असू शकते, एवढे सांगून आम्ही पुढचे पान उलटले. नूतनीकरणाची मुदत संपून तीन वर्षे झालेली. आणि मालक म्हणून नाव होते तिसऱ्याच जिल्ह्यातल्या माणसाचे. मधले दोन व्यवहार स्टॅम्प पेपरवर झाले होते, नाव कुणी लावून घेतले नव्हते.

१९७८ ला ५० वर्षे २०२८ साली होतील. म्हणजे वयानेही ही जीप अजून विंटेज नाही, आणि वय भरले तरी बदललेल्या इंजिनामुळे आणि कापलेल्या चासीमुळे ती तिथे पोचणार नाही.

किंमत कशी काढली

मालकाचा हिशेब असा होता. दीड लाखाला घेतली. बॉडीला ९० हजार, टायर आणि रिंगा ६० हजार, रंग-सीट-दिवे ५० हजार, इंजिन ७५ हजार. बेरीज सव्वाचार लाख. हिशेब खरा असेल, आम्ही त्याला खोटे म्हणत नाही. पण त्याने काय खर्च केला ही त्याची गोष्ट. घेणाऱ्याला काय मिळाले ही वेगळी. कुणी लाख रुपये खर्चून शेतातली चांगली विहीर बुजवली तर शेताची किंमत लाखाने वाढत नाही.

आमचा हिशेब काकांनी बिडीच्या पाकिटावर केला. सर्व कागद पूर्ण असलेली, फेरफार न केलेली, चालू स्थितीतली अशीच जीप असती तर आम्ही अडीच लाखांपर्यंत गेलो असतो. तिथून खाली उतरायचे. चासीचा जोड काढून पूर्ववत करायला ३५ हजार. पेट्रोल इंजिन शोधून बसवायला, किंवा आहे त्याची रीतसर परवानगी मिळत असेल तर त्यात, ६० हजार. ब्रेक आणि स्टिअरिंगचे काम २० हजार. नूतनीकरण, थकलेला कर, दंड, नाव लावणे मिळून २५ हजार. एकूण एक लाख ४० हजार वजा. उरले एक लाख दहा हजार. टायर नवे होते, पण मापात बसत नसल्याने विकावेच लागले असते; त्याचे १५ हजार धरले. सव्वा लाख. तेही पुस्तकातला मूळ मालक सापडून सही देणार असेल तर. तो सापडला नाही तर ती जीप नव्हे, सुटे भाग आहेत.

हे आकडे त्या दिवशीचे आणि त्या गाडीचे आहेत. दुसऱ्या गाडीला लावू नका. रीत मात्र लावा. कागदपत्र पूर्ण असलेल्या मूळ गाडीची किंमत वर धरायची आणि तिथपर्यंत पोचायला जेवढा खर्च आहे तो वजा करीत यायचे. रंग, दिवे, गार्ड, टेप यांचे शून्य. सरकारी खर्च आधी विचारून घ्यायचा, कारण तो बदलत असतो. हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० वर गेली. मुदत संपून गेली असेल तर उशिराचा आकार वेगळा.

मालकाने सव्वा लाख ऐकून ताडपत्री पुन्हा ओढून घेतली. सौदा झाला नाही. येताना मुलगा गप्प होता. त्याला वाईट वाटणे साहजिकच होते. त्याची आई मात्र एस. टी. त बसल्यावर म्हणाली, "आमच्या ह्यांचा तेहेतीस वर्षांचा फंड हाय. गटारात उतरून मिळालेला. दिव्यांच्या माळेला कसा द्यायचा?"

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक उपभोगाला, दोन धंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी राखून. पाच लाखांतले दोन भाग म्हणजे अडीच लाख. जीप, तिची दुरुस्ती, विमा आणि पहिल्या वर्षाचे डिझेल, सगळे त्या अडीच लाखांत बसले पाहिजे. मुलीच्या शिक्षणाला त्या चौथ्या भागाची गरज पडणार आहे, हे त्या माउलीला सुत्त न वाचता ठाऊक होते.

भाडे आणि भरपाई

आता समजा, कागदपत्र चोख असलेली जीप मिळाली. तिच्यावर भाडे कमावता येईल का? खासगी पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे म्हणजे परवान्याशिवाय धंदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि कैदेची तरतूद आहे. वरातीची जीप सगळेच देतात, कोण पकडतो, असे म्हणतात. आम्हालाही ते माहीत आहे. मिरवणुकीच्या दिवशी कदाचित कुणी पकडणारही नाही. पण अपघात झाला तर काय होते ते ऐका.

अशा गाड्यांचा विमा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्तातला, निव्वळ कायद्यापुरता असतो. त्यात रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला संरक्षण मिळते. खासगी गाडीत बसलेल्यांना मिळत नाही. जीपवर उभा असलेला पोरगा पडला, कायमचा अधू झाला, तर अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवते आणि ती मालकाच्या डोक्यावर येते. पुस्तकात नसलेले इंजिन, वाढवलेला हौदा आणि ठरलेल्यापेक्षा जास्त माणसे असली की विमा कंपनीच्या वकिलाला आयते मुद्दे मिळतात. जयंतीत जखमी होणारा आपला, भरपाई भरणारा आपला, आणि दोघांची घरे एकाच वस्तीत. अशी दोन कुटुंबे पुढे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत.

आणि विकून मोकळे झालेल्यांनीही निश्चिंत राहू नये. पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, भरपाई त्याच्याकडून, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले. आपली जुनी काळी-पिवळी किंवा वडापची जीप स्टॅम्प पेपरवर कुणाला देऊन टाकली असेल आणि नाव बदलले नसेल, तर आजच्या आज त्या माणसाला गाठा.

बयाणा देण्याआधी

गाडी पाहायला दिवसा जावे, रात्री दिव्याखाली नव्हे. इंजिन थंड असताना पोचावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन थंडीत सुरू होते की नाही हे कळत नाही. सोबत आपला मेकॅनिक न्यावा, गॅरेजवाल्याने सुचवलेला नको. टेप, चुंबक, कागद-पेन्सिल आणि पुस्तक वाचणारे एक माणूस. घरातली शिकणारी मुलगी त्यासाठी उत्तम. गाडीचा नंबर मोबाइलवर परिवहन खात्याच्या ॲपमध्ये घातला की नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. जुन्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्या तिथे नेहमी सापडत नाहीत. मग धाराशिवच्या परिवहन कार्यालयात, किंवा गाडी जिथली असेल तिथल्या कार्यालयात, अर्ज देऊन तपशील मागावा. एमएच २५ सोडून दुसऱ्या पासिंगची गाडी असेल तर तिथले ना हरकत प्रमाणपत्र आधी, पैसे नंतर. दिल्लीकडे जुन्या गाड्यांवर बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात, त्यांच्याबाबत तर हे डोळ्यात तेल घालून पाहावे.

बयाणा द्यायचाच असेल तर पावतीवर चासी नंबर, इंजिन नंबर, पुस्तकातल्या मालकाचे नाव आणि एक ओळ लिहून घ्यावी : अमुक तारखेपर्यंत नाव बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही मिळाली नाही, किंवा इंजिनाची नोंद झाली नाही, तर बयाणा परत. विकणारा ही ओळ लिहायला नाखूश असेल तर चहा पिऊन परत यावे. कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर बँकेचा नमुना ३५ हवा. राज्यातल्या राज्यात व्यवहार झाला की विकणाऱ्याने १४ दिवसांत कार्यालयाला कळवायचे असते, आणि विमाही त्याच मुदतीत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. उरलेली रक्कम बँकेतून द्यावी, रोख नको, आणि ती नमुन्यांवर सही झाल्यावर, त्याच टेबलावर.